होजिचा : उकळते पाणी, भरपूर पाने आणि अर्धे मिनिट

होजिचा म्हणजे भाजलेला जपानी हिरवा चहा. आपल्याकडे त्याचे पाकीट घरी आले की ते साधारणपणे दोन प्रकारे वाया जाते. काही घरांत पाकिटावरचे ‘ग्रीन टी’ हे शब्द वाचून पाणी मुद्दाम कोमट केले जाते, त्यात चिमूटभर पाने टाकली जातात आणि हाती रंगीत, निर्जीव पाणी येते. काही घरांत तीच पाने पातेल्यात दूध, साखर आणि आल्याबरोबर खळखळ उकळली जातात आणि कपात फक्त करपट वास उरतो. मी स्वतः पहिले पाकीट पहिल्या पद्धतीने संपवले आणि या चहात काही विशेष नाही असा समज बरेच दिवस बाळगला. हा चहा हिरव्या चहाच्या नियमाने होत नाही आणि आपल्या चहाच्या नियमानेही होत नाही. त्याचे स्वतःचे तीन नियम आहेत : पाणी उकळते असावे, पाने भरपूर असावीत आणि वेळ थोडा असावा. पुढचे सर्व टप्पे हे तीन नियम स्वयंपाकघरात नीट पाळता यावेत यासाठी आहेत.

## टप्पा १ : पाकिटात नेमके काय आहे ते ओळखणे

होजिचा ही एकच वस्तू नाही. सेन्चा (नेहमीचा पानांचा हिरवा चहा), बान्चा (मोठ्या, जून पानांचा) किंवा कुकिचा (देठांचा) यांपैकी कोणताही हिरवा चहा साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजला की त्याचा होजिचा होतो. त्यामुळे मुळात कोणता चहा घेतला होता आणि तो किती भाजला यावर कृती थोडीफार बदलते. पाकीट उघडल्यावर चमचाभर पाने पांढऱ्या बशीत पसरून पाहावीत.

पाने मोठी, हलकी आणि तपकिरी असतील तर तो बान्चापासून केलेला नेहमीचा होजिचा समजावा. बारीक काड्याच काड्या दिसत असतील तर तो देठांचा होजिचा आहे. इशिकावा प्रांतातील कानाझावा आणि आसपासच्या भागात तो ‘कागा-बोचा’ या नावाने ओळखला जातो, आणि त्याची चव पानांच्या होजिचापेक्षा गोडसर व सौम्य असते. पाने न वळलेली, वाळक्या पाचोळ्यासारखी सपाट असतील आणि त्यांना चुलीच्या धुरासारखा उग्र वास असेल, तर तो क्योतोचा ‘क्योबान्चा’ आहे. त्याला ‘इरिबान्चा’ असेही म्हणतात. या शेवटच्या प्रकाराला अर्ध्या मिनिटाचा नियम लागू पडत नाही. एक लिटर पाणी उकळून त्यात सुमारे २० ग्रॅम पाने घालावीत, आच बंद करावी, झाकण ठेवून १० ते १५ मिनिटांनी गाळावे. धुरकट वास हा त्याचा स्वभाव आहे, तो दोष समजून पाकीट टाकून देऊ नये.

भाजणीचा अंदाज रंगावरून येतो. ‘आसाइरी’ म्हणजे हलकी भाजणी. तिच्यात पाने पिंगट असतात, अधूनमधून हिरवट झाकही दिसते आणि चहा मधाच्या रंगाचा उतरतो. ‘फुकाइरी’ म्हणजे गडद भाजणी. तिच्यात पाने कॉफीच्या बियांसारखी काळपट होतात आणि चहा लालसर तपकिरी येतो. पहिल्यांदा घेणाऱ्याने मध्यम भाजणीचा पानांचा होजिचा किंवा कागा-बोचा घ्यावा असे मी सुचवीन, कारण अगदी गडद भाजणीत मूळ चहाची चव झाकली जाते आणि आपली कृती चुकली की भाजणीच कडक होती हे कळेनासे होते.

सावधान : ऑनलाइन मागवताना पाने आणि पूड यांची गल्लत फार होते. होजिचाची पूड दुधात किंवा मिठाईत घालण्यासाठी असते. ती किटलीत घातली तर गाळणीतून सरळ खाली येते आणि तळाशी गाळ साचतो. पाकिटाचे चित्र पाहून न थांबता वर्णन वाचावे.

तपासणी : वास घ्यावा. चांगल्या होजिचाला भाजलेल्या शेंगदाण्यांचा, खरपूस पोळीच्या पापुद्र्याचा, किंचित कॅरामलचा वास येतो. जुन्या पुठ्ठ्याचा किंवा उघड्या राहिलेल्या फरसाणासारखा खवट वास आला, तर पुढची कोणतीही काळजी घेतली तरी तो चहा सुधारणार नाही.

## टप्पा २ : पाने जपून ठेवणे

भाजलेल्या पानांतले पाणी जवळजवळ निघून गेलेले असते, म्हणून ती हवेतला ओलावा आणि शेजारच्या वस्तूंचे वास लगेच ओढून घेतात. मसाल्याच्या डब्याजवळ, हिंगाच्या डबीजवळ किंवा कॉफीशेजारी होजिचा ठेवू नये. जपानी घरांत यासाठी दुहेरी झाकणाचा ‘चाझुत्सु’ नावाचा पत्र्याचा डबा वापरतात. आपल्याकडे घट्ट झाकणाचा, आधी कशासाठीही न वापरलेला स्टीलचा लहान डबा चालतो. डबा शक्य तितका भरलेला असावा, कारण आतली मोकळी हवा हीच वासाची शत्रू असते.

पाकीट उघडल्यानंतर महिनाभरात संपवावे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ही मुदत मी दोन आठवड्यांवर आणतो आणि १०० ग्रॅमच्या पाकिटाऐवजी ५० ग्रॅमचे मागवतो. न उघडलेले पाकीट फ्रीझरमध्ये राहू शकते, मात्र बाहेर काढल्यावर ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे काही तास, अजिबात उघडू नये. गार पाकीट उघडताच हवेतली वाफ पानांवर धरते आणि इतके दिवस जपलेला वास एका दिवसात जातो. उघडलेले पाकीट रोज फ्रिजमधून आत-बाहेर करणे याच कारणाने चुकीचे आहे.

पाने थोडी सादळली असतील, पण खवट झाली नसतील, तर कोरड्या कढईत अगदी मंद आचेवर मिनिटभर हलवून गरम करावीत. वास बराचसा परत येतो. मात्र ती पाने त्याच दिवशी वापरावीत.

## टप्पा ३ : पाणी

जपानमधील पाणी बहुतेक ठिकाणी मृदू असते आणि तिथला चहा त्याच पाण्याला धरून तयार होतो. महाराष्ट्रात बोअरवेलचे पाणी अनेक गावांत जड असते. अशा पाण्यात होजिचा गढूळ दिसतो, वर पातळ तवंग येतो आणि चव मातकट लागते. घरी किटलीच्या आत पांढरा थर धरत असेल तर पाणी जड आहे असे समजावे आणि चहासाठी आरओचे किंवा दुसरे मृदू पाणी घ्यावे. नळाला क्लोरीनचा वास असेल तर पाणी मिनिटभर उघडे उकळू द्यावे, म्हणजे वास निघून जातो.

आता तापमान. सेन्चाला ७० ते ८० अंशांचे पाणी लागते, कारण जास्त तापलेले पाणी त्यातला कडवट, तुरट भाग चटकन बाहेर काढते. होजिचात मात्र भाजताना हे तुरट घटक बरेच कमी झालेले असतात आणि ज्याच्यासाठी हा चहा प्यायचा तो सुगंध भाजणीतून तयार झालेला असतो. तो पानांतून सुटून वर येण्यासाठी पाणी पूर्ण गरमच लागते. म्हणून पाण्याला मोठे बुडबुडे येऊन ते खळखळू लागले की ते लगेच वापरावे, कपात ओतून गार करत बसू नये. पुण्यात पाणी सुमारे ९८ अंशांना उकळते आणि महाबळेश्वरला ९५ ते ९६ अंशांना, पण या चहाला तेवढ्याने काही बिघडत नाही. बिघडते ते उकळल्यानंतर पाच मिनिटे ओट्यावर विसरलेल्या पाण्याने.

## टप्पा ४ : भांडी

जपानमध्ये होजिचासाठी बाजूला दांडा असलेली ‘क्यूसू’ किटली किंवा वरती कडी असलेली मोठी, जाड ‘दोबिन’ वापरतात. पाहुणे जास्त असतील तर दोबिन सोयीची पडते. दोन्ही नसतील तर चिनी मातीची साधी किटली आणि वेगळी गाळणी पुरते. काचेची किटलीही चालते, पण तिची उष्णता लवकर जाते, म्हणून ती आधी नीट गरम करावी लागते.

भांड्याविषयी दोन गोष्टी मात्र टाळू नयेत. पहिली, पाने फुगायला जागा हवी. लहान गोळा-गाळणीत किंवा चमच्याच्या आकाराच्या जाळीत होजिचा कोंबला तर मधली पाने कोरडीच राहतात. दुसरी, किटली बिनचकाकीच्या मातीची असेल तर ती फक्त होजिचासाठीच राखून ठेवावी, कारण हा वास मातीत मुरतो आणि नंतर त्याच किटलीत केलेल्या सेन्चाला लागतो. ज्या भांड्यात रोज आल्याचा किंवा मसाल्याचा चहा होतो ते भांडे कितीही घासले तरी वापरू नये.

पिण्यासाठी जाड काठाचा, बिनकानाचा ‘युनोमी’ असतो. तो हातात धरवतो तेव्हा चहाही पिण्याजोगा झालेला असतो, ही त्या भांड्याची सोय आहे. आपल्या घरातला जाड सिरॅमिक कप चालेल. पातळ स्टीलचा पेला नको, त्यात ओठ भाजतो आणि चहा मात्र लवकर गार होतो.

## टप्पा ५ : मोजमाप

सर्वांत जास्त चुका इथे होतात. होजिचाची पाने फुललेली आणि हलकी असतात. आपल्या चहाच्या चमच्याने मोजलेला ‘एक चमचा’ होजिचा जेमतेम एक ग्रॅम भरतो, आणि एका कपाला तर सुमारे तीन ग्रॅम लागतात. जपानमध्ये रूढ असलेले प्रमाण असे आहे : पाच जणांसाठी १५ ग्रॅम पाने, ६५० मिलिलिटर उकळते पाणी आणि ३० सेकंद. म्हणजे माणशी तीन ग्रॅम आणि १३० मिलिलिटर.

या हिशेबाने दोघांसाठी ६ ग्रॅम आणि २६० मिलिलिटर पाणी येते. एकट्यासाठी करताना मात्र ३ ग्रॅमवर थांबू नये. थोडे पाणी भांड्यात लवकर निवते आणि चहा पातळ उतरतो, म्हणून १५० मिलिलिटरला ४ ग्रॅम घ्यावेत. पाने काही पाणी स्वतःत धरून ठेवतात, त्यामुळे ओतलेल्या पाण्यापेक्षा कपात २०-३० मिलिलिटर कमीच येणार हे गृहीत धरावे. चहा कमी भरला म्हणून वरून गरम पाणी घालणे ही फार रुळलेली सवय आहे आणि तिने मेहनत पातळ होते.

स्वयंपाकघरात एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा असेल तर पहिल्या आठवड्यात त्यावरच मोजावे. आपल्या घरातल्या पोह्याच्या मोठ्या चमच्यात ही पाने किती बसतात ते एकदा तोलून पाहिले की पुढे काटा लागत नाही. देठांचा होजिचा पानांपेक्षा जड असतो, त्यामुळे पाकीट बदलले की पुन्हा एकदा तोलावे.

तपासणी : किटलीच्या तळावर पानांचा विरळ थर दिसत असेल तर पाने कमी आहेत. दोघांच्या किटलीत तळ पूर्ण झाकून त्यावर पाने सैलसर उंच दिसली पाहिजेत. ‘एवढी पाने?’ असे पहिल्यांदा वाटतेच. तेवढीच लागतात.

## टप्पा ६ : ओतणे, थांबणे आणि वाटणे

क्रम महत्त्वाचा आहे, कारण सगळे मिळून दीड मिनिटाचे काम असते आणि मध्येच गाळणी शोधायला जाण्याइतकी उसंत मिळत नाही. कप, गाळणी आणि घड्याळ आधीच समोर मांडून ठेवावे.

१. उकळते पाणी किटलीत आणि कपांत ओतून ती गरम करावीत. अर्ध्या मिनिटाने ते पाणी टाकून द्यावे आणि किटली कोरडी निथळावी.

२. मोजलेली पाने गरम किटलीत घालावीत आणि झाकण ठेवून दहा सेकंद थांबावे. मग झाकण उघडून वास घ्यावा. कोरड्या गरम पानांचा हा वास पुढे कपात येणाऱ्या वासाचा नमुना असतो. तो इथेच दुबळा वाटला तर अर्धा ग्रॅम पाने आणखी घालावीत.

३. पाणी पुन्हा एकदा खळखळू द्यावे आणि लगेच ओतावे. धार मधोमध एकाच जागी न सोडता गोल फिरवत सोडावी, म्हणजे तरंगणारी सगळी पाने भिजतात. पहिल्या काही सेकंदांत वर फेस येतो, तो काढून टाकू नये.

४. झाकण लावून ३० सेकंद थांबावे. चमच्याने ढवळू नये आणि किटली हिंदकळू नये. पाने एकमेकांवर घासली की त्यांची बारीक भुकटी आणि कडसरपणा पाण्यात उतरतो. हलक्या भाजणीचा कागा-बोचा असेल तर ४० ते ४५ सेकंद द्यावेत, अगदी गडद भाजणी असेल तर २० ते २५ पुरतात.

५. अनेक कप असतील तर एकेक कप भरत जाऊ नये. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या कपात थोडा थोडा ओतत जावे आणि मग तिसऱ्याकडून पहिल्याकडे उलट यावे. याला ‘मावाशित्सुगी’ म्हणतात. किटलीत सुरुवातीचा चहा फिका आणि शेवटचा गडद असतो, त्यामुळे एकेक कप भरला तर पहिल्या पाहुण्याला पाणी आणि शेवटच्याला काढा मिळतो.

६. शेवटच्या थेंबापर्यंत ओतावे. किटली पूर्ण उलटी धरून दोन-तीनदा हलकेच झटकावी. शेवटचे थेंब सर्वांत दाट असतात, हे एक कारण झाले. दुसरे आणि मोठे कारण असे की आत राहिलेले चमचाभर पाणी पानांना भिजवतच राहते आणि पुढचा कप बिघडवते.

सावधान : रंगावरून वेळ ठरवू नये. आपल्याला चहा गडद दिसल्याशिवाय झाला असे वाटत नाही. होजिचाचा रंग भाजणीवर अवलंबून असतो. हलक्या भाजणीचा चहा पिवळसर सोनेरी रंगातच पूर्ण झालेला असतो, आणि तो तपकिरी होण्याची वाट पाहत दोन-तीन मिनिटे ठेवला तर सुगंध उडून जाऊन सपक, रखरखीत चव उरते.

चहा दाट हवा असेल तर वेळ वाढवू नये, पाने वाढवावीत. या लेखातली एकच ओळ कोणी लक्षात ठेवणार असेल तर ही ठेवावी.

कप बिघडला तर कारण असे शोधावे. चव पातळ आहे पण वास चांगला आहे, तर पाने कमी पडली. चव दाट आहे पण वास नाही, तर पाणी निवलेले होते किंवा पाने जुनी होती. जिभेच्या मागच्या बाजूला कडसर खरखर राहते, तर वेळ जास्त झाला किंवा पाकिटातली तळाची भुकटी किटलीत आली. जळक्या लाकडासारखी चव आहे, तर भाजणीच तशी होती, आणि तिथे वेळ २० सेकंदांवर आणण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पाने, पाणी आणि वेळ तिन्ही एकदम बदलले तर काय चुकत होते ते कधीच कळत नाही.

## टप्पा ७ : दुसरे पाणी

त्याच पानांवर दुसऱ्यांदा उकळते पाणी घालता येते. सुगंधाचा मोठा वाटा पहिल्याच पाण्यात निघून गेलेला असतो, म्हणून दुसऱ्या कपाकडून पहिल्याइतकी अपेक्षा ठेवू नये. तो सौम्य, गोडसर आणि जेवणासोबत पिण्याजोगा असतो. पाणी पहिल्यापेक्षा थोडे कमी घ्यावे आणि वेळ ३० ते ४५ सेकंद द्यावा. दोन पाण्यांच्या मधल्या वेळेत किटलीचे झाकण किंचित तिरके ठेवावे, नाहीतर पाने आतल्या वाफेवर शिजत राहतात. तिसरे पाणी मी घालत नाही. अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ ओली राहिलेली पानेही पुन्हा वापरू नयेत, आपल्या हवेत ती लवकर आंबतात.

## टप्पा ८ : गार होजिचा

जपानमध्ये उन्हाळ्यात फ्रिजमध्ये होजिचाची बाटली असते, आणि आपल्या एप्रिल-मेला तर ती फारच शोभते. गार पाण्यात भिजवून केलेल्या चहाला ‘मिझुदाशी’ म्हणतात. एक लिटर पिण्याच्या पाण्यात १० ते १५ ग्रॅम पाने घालून भांडे फ्रिजमध्ये तीन ते सहा तास ठेवावे, मग गाळून पाने काढून टाकावीत. हा चहा मऊ आणि स्वच्छ लागतो, पण त्याला भाजणीचा वास कमी येतो, कारण तो वास गरम पाण्यानेच सुटतो.

वास हवा असेल तर दुसरी पद्धत घ्यावी. १० ग्रॅम पानांवर २०० मिलिलिटर उकळते पाणी घालून एक मिनिट थांबावे आणि गाळून थेट मोठ्या भांड्यातल्या बर्फावर ओतावे. बर्फ पेला काठोकाठ भरेल इतका, निदान १५० ग्रॅम तरी असावा. चहा जितका झटकन गार होईल तितका तो नितळ राहतो. ओट्यावर हळूहळू निवलेला चहा गढूळ होतो आणि त्याचा वासही बसतो.

सावधान : दोन्ही प्रकारचा गार चहा फ्रिजमध्येच ठेवावा आणि एका दिवसात संपवावा. गरम केलेला होजिचा रात्रभर बाहेर ठेवून सकाळी पिऊ नये.

## टप्पा ९ : दूध घालायचेच असेल तर

दुधाचा होजिचा जपानमध्येही सर्रास मिळतो, त्यात काही चुकीचे नाही. चूक होते ती वर केलेल्या चहातच दूध ओतल्याने. तेवढ्या पातळ चहाचा दुधापुढे निभाव लागत नाही. १०० मिलिलिटर पाणी उकळून त्यात ८ ग्रॅम पाने घालावीत, मंद आचेवर एक मिनिट ठेवावीत, मग १५० मिलिलिटर दूध घालून कडेला बुडबुडे येईपर्यंतच तापवावे आणि गाळावे. दूध उतू जाईपर्यंत उकळले तर सायीचा वास भाजणीच्या वासावर बसतो. आले आणि वेलची इथे नको. दोन्ही चांगल्या वस्तू आहेत, पण त्यांच्यापुढे होजिचा घातला होता की नव्हता हेच कळत नाही.

गोडीसाठी जपानमध्ये ओकिनावाची ‘कोकुतो’ नावाची काळी साखर वापरतात. तिच्या जागी आपला गूळ छान बसतो, कारण दोन्ही उसाचा रस आटवूनच होतात. गूळ मात्र आच बंद करून, चहा गाळल्यावर, कपात घालावा, नाहीतर दूध फाटते. पूड वापरणार असाल तर २ ते ३ ग्रॅम पूड आधी बारीक गाळणीतून चाळून घ्यावी, ३० मिलिलिटर गरम पाण्यात गुठळ्या मोडेपर्यंत फेटावी आणि मगच दूध ओतावे. कोरडी पूड थेट दुधात घातली तर गुठळ्या शेवटपर्यंत फुटत नाहीत.

## टप्पा १० : घरी भाजणे

हा टप्पा ऐच्छिक आहे, पण ज्यांच्या कपाटात जुना सेन्चा किंवा कुकिचा पडून आहे त्यांच्यासाठी सर्वांत उपयोगाचा आहे. ताजेपणा गेलेला हिरवा चहा भाजला की पुन्हा पिण्याजोगा होतो. जपानमध्ये यासाठी ‘होरोकु’ नावाचे पोकळ दांड्याचे मातीचे भांडे असते. त्यात पाने भाजतात आणि दांड्यातूनच बाहेर ओततात. आपल्याकडे जाड बुडाचे, कोरडे, वास नसलेले भांडे घ्यावे. फोडणीची कढई किंवा भाकरीचा तवा यांत तेलाचा आणि पिठाचा वास मुरलेला असतो आणि तो पहिल्याच मिनिटात पानांत उतरतो. लिंबू, तुळस किंवा इतर स्वाद घातलेला हिरवा चहा भाजू नये. टी-बॅग फोडून निघालेली भुकटीही भाजू नये, ती भाजण्याआधी करपते.

भाजायला घेण्यापूर्वी पाने गाळणीवर हलकेच चाळून बारीक चुरा बाजूला करावा. मोठी पाने आणि चुरा एकत्र भाजले तर पाने कच्ची असतानाच चुरा जळतो आणि सगळ्या घाण्याला करपट वास देतो. एका वेळी १० ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये. खिडकी उघडी ठेवावी, थोडा धूर होतो. पाने पसरण्यासाठी मोठे ताट हाताशी ठेवावे.

भांडे मध्यम आचेवर एक-दोन मिनिटे तापवावे, मग आच मंद करून पाने घालावीत आणि भांडे सतत हलवत राहावे. पहिल्या मिनिटाला उकडलेल्या पालेभाजीसारखा वास येतो, म्हणजे पानांतला ओलावा निघतो आहे. पुढे हिरवा रंग पिवळटाकडे आणि मग तपकिरीकडे जातो, वास बदलून खमंग होतो आणि धुराची बारीक रेघ दिसू लागते. मंद आचेवर या सगळ्याला तीन ते पाच मिनिटे लागतात. रवा भाजताना आपण रंग पुरता येण्याच्या थोडे आधी आच बंद करतो, कारण कढई गरम असते. इथेही तेच करावे. हवा तो रंग दिसण्याच्या थोडे आधी भांडे उतरवावे आणि पाने ताबडतोब ताटात पातळ पसरावीत. गरम भांड्यातच ठेवली तर पुढच्या मिनिटभरात ती कडू होतात.

तपासणी : गार झालेले एक पान बोटांत चुरडावे. ते कुरकुरीत मोडले पाहिजे आणि आतून पिंगट असले पाहिजे. आतून हिरवे आणि बाहेरून काळे असेल तर आच मोठी होती.

ताजी भाजलेली पाने पूर्ण गार झाल्यावर लगेच वापरता येतात आणि त्यांचा वास पाकिटातल्या होजिचापेक्षा कितीतरी ठळक असतो. तो आठवडाभर टिकतो, म्हणून लागेल तेवढेच भाजावे.

## पिण्याची वेळ आणि भांड्यांची सफाई

होजिचात कॅफिन नसते असे अनेकदा सांगितले जाते. ते खरे नाही. जपानच्या अधिकृत अन्नघटक तक्त्यात १०० मिलिलिटर होजिचात २० मिलिग्रॅम कॅफिन नोंदलेले आहे. सेन्चासाठीही हाच आकडा आहे, काळ्या चहासाठी ३० आणि कॉफीसाठी ६०. म्हणजे कॉफीच्या मानाने तो सौम्य आहे, पण ज्यांची झोप चहाने उडते त्यांनी किंवा लहान मुलांना देणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. ज्यांना लोहाची कमतरता आहे त्यांनी इतर चहाप्रमाणे हाही जेवणाबरोबर न घेता जेवणानंतर तासाभराने घ्यावा.

जेवणानंतर तो विशेष चांगला लागतो, तेलकट चव तोंडातून काढून टाकतो. बरोबर खायचे असेल तर फार गोड पदार्थ नको. भाजलेले शेंगदाणे, चुरमुरे, साधी खारी बिस्किटे यांच्यासोबत भाजणीचा वास झाकला जात नाही. जपानच्या नारा भागात होजिचात तांदूळ शिजवून ‘चागायु’ नावाची पातळ पेज करतात. आपल्या पेजेची सवय असलेल्याला ती पहिल्याच घासाला ओळखीची वाटते.

पिऊन झाल्यावर पाने किटलीत राहू देऊ नयेत. पाने काढून किटली फक्त गरम पाण्याने धुवावी, साबण लावू नये, आणि तोटीतली जाळी उलट बाजूने पाण्याची धार सोडून मोकळी करावी. देठांचे तुकडे तिथेच अडकतात आणि पुढच्या वेळी चहा थेंबथेंब येऊन अर्ध्या मिनिटाचे दोन मिनिटे होतात. किटली झाकण न लावता उपडी वाळवावी. वापरलेली पाने उन्हात कडक वाळवून उघड्या वाटीत फ्रिजमध्ये ठेवली तर तिथला वास शोषतात. ती वाटी आठवड्याने बदलावी.